श्वेत रांग आणि कृष्ण रांग : प्रस्तावना

पेरू देशाच्या नकाशावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेआठ ते दहा अक्षांशांच्या दरम्यान, पॅसिफिकच्या किनाऱ्याशी जवळजवळ समांतर अशा दोन पर्वतरांगा एकमेकींना खेटून धावताना दिसतात. समुद्राच्या बाजूची ती कॉर्डिलेरा नेग्रा, म्हणजे काळी रांग, आणि पूर्वेकडील ती कॉर्डिलेरा ब्लांका, म्हणजे पांढरी रांग. दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यातून सांता नदी वाहते. सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या कोनोकोचा सरोवरात उगम पावून ती उत्तर-वायव्येची वाट धरते आणि दीर्घकाळ दोन्ही रांगांच्या पायथ्यांची सोबत केल्यावर कान्योन देल पातो या अत्यंत अरुंद घळीतून काळ्या रांगेला भेदून समुद्राला मिळते. खोऱ्याच्या या वरच्या भागाला कायेहोन दे वायलास असे नाव आहे, आणि वारास हे आंकाश प्रांताचे मुख्य ठाणे त्यातच, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांवर, वसलेले आहे. वारासच्या चौकात उभे राहून पश्चिमेकडे पाहावे तर उघडेबोडके, करड्या-तपकिरी रंगाचे, पाच हजार मीटरांच्या आतबाहेरचे डोंगर दिसतात. पूर्वेकडे पाहावे तर सहा हजार मीटर ओलांडून गेलेली दोन डझनांहून अधिक हिमशिखरे एका ओळीत उभी असतात, आणि त्यांतील वास्कारान हे ६,७६८ मीटर उंचीचे शिखर पेरूमध्ये सर्वांत उंच आहे.

नावे रंगांवरून पडली आणि ती रास्तही आहेत; परंतु दोन रांगांमधला भेद केवळ बर्फाचा असता तर त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. बर्फ हा हवामानाचा हिशेब आहे. आर्द्रता ॲमेझॉनच्या बाजूने येते, उंच असलेली पूर्वेकडील रांग ती अडवून ठेवते आणि ठेंगण्या पश्चिम रांगेच्या वाट्याला शिल्लक राहते ते थोडे. या हिशेबाच्या तळाशी असलेला भेद खडकांचा, त्यांच्या वयांचा आणि विशेषेकरून त्यांच्या हालचालींचा आहे. अँडीज पर्वत कसा उभा राहिला, याचे जे उत्तर शाळेपासून आपल्या कानी पडते ते असे की, पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या कडेखाली वर्षाकाठी सहा-सात सेंटिमीटरांच्या गतीने शिरतो आणि त्या दाबाने खंडाची कड चुरगळून, घड्या पडून, जाड होऊन वर येते. उत्तर खोटे नाही. परंतु पांढऱ्या रांगेच्या पायथ्याशी येऊन ते अडखळते. कारण उष्ण कटिबंधातील ही सर्वांत उंच हिमरांग ज्या विभंगाच्या आधारे वर आली, तो विभंग दाबाचा नव्हे, ताणाचा आहे. दाबाने उभ्या राहिलेल्या पर्वतात सर्वांत उंच जागा नेमकी जमीन जेथे ताणली जात आहे तेथे असावी, ही गोष्ट मला या मुलखाच्या अभ्यासात सर्वांत विलक्षण वाटत आलेली आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा सारा रोख तिच्याकडेच आहे.

पुस्तकाच्या क्रमाविषयी आधीच खुलासा केलेला बरा. भूविज्ञानाच्या ग्रंथांचा रिवाज असा की, प्रदेशातील सर्वांत प्राचीन खडकापासून आरंभ करावा, एकेका कालखंडाची पायरी चढत अलीकडे यावे आणि अखेरच्या चारदोन पृष्ठांत नदीकाठचा गाळ, वाळू, दगडगोटे यांची बोळवण करावी. येथे तो क्रम हेतुपुरस्सर उलटा केला आहे. कायेहोन दे वायलासमध्ये माणसे ज्या जमिनीवर घरे बांधतात, मका आणि बटाटे पेरतात, बाजार भरवतात, ती जमीन म्हणजे बहुतांशी पांढऱ्या रांगेवरून कधी ना कधी खाली आलेला राडारोडाच होय. आणि त्या राडारोड्याचा अर्थ ज्याला लागला त्याला वरच्या पर्वताची कैफियत निम्मी समजली, असे माझे मत आहे. म्हणून पहिले प्रकरण दगडगोट्यांचे, आणि त्यातही युंगायच्या दगडगोट्यांचे आहे.

३१ मे १९७० रोजी, रविवारी दुपारी तीन वाजून तेवीस मिनिटांनी, चिंबोते बंदरासमोरच्या समुद्राखाली ७.९ परिमाणाचा भूकंप झाला. त्या एका आपत्तीत पेरूमध्ये सुमारे ७० हजार माणसे दगावली; परंतु युंगाय गावाचा घास ज्याने घेतला तो भूकंप नव्हे, वास्कारानच्या उत्तर शिखरावरून त्या धक्क्याने सुटलेला खडक आणि बर्फ यांचा लोंढा होय. सुमारे चार किलोमीटरांची उतरंड त्याने अवघ्या काही मिनिटांत पार केली, वाटेतले हिमोढ, माती, पाणी अंगावर घेतले, आणि चिखलात तरंगणाऱ्या घराएवढ्या शिळांसह तो सांता नदीपर्यंत जाऊन पोहोचला. युंगाय आणि लोंढ्याची नेहमीची वाट यांच्या दरम्यान एक डोंगरसोंड आहे. आठच वर्षांपूर्वी, १० जानेवारी १९६२ रोजी, याच शिखरावरून असाच, पण लहान लोंढा आला होता. त्यात रानराइर्का गाव गेले, सुमारे चार हजार माणसे गेली, आणि युंगाय मात्र त्या सोंडेच्या आडोशाने वाचले. साहजिकच सोंडेवर लोकांचा भरवसा बसला. १९७० च्या लोंढ्याची एक शाखा ती सोंड ओलांडून आली. जे थोडे लोक वाचले त्यांतील बरेचसे गावाच्या कडेला, टेकडीवर असलेल्या दफनभूमीकडे धावले होते.

या हकिगतीतील खरा भूवैज्ञानिक मुद्दा त्यानंतरचा आहे. आपत्तीनंतर त्या भागाची पाहणी करणाऱ्या भूवैज्ञानिकांना ताज्या चिखलाच्या शेजारी आणि त्याच्याखाली त्याच जातीच्या, परंतु स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीच्या, आणि १९७० च्या लोंढ्याहूनही मोठ्या लोंढ्यांचा राडारोडा आढळला. म्हणजे गाव जेथे वसले होते ती सुपीक, पाणी लागणारी, नदीच्या काठची उतरती जमीन त्या जुन्या लोंढ्यांनीच तयार करून ठेवलेली होती. वसाहत करणाऱ्यांचा यात दोष काढता येत नाही. अशा खोऱ्यात शेतीला योग्य जमीन दुसरी असतेच कोठे? परंतु जमिनीचा दाखला जमिनीतच पडून होता आणि तो वाचणारे कोणी नव्हते, एवढे नमूद करणे भाग आहे.

राडारोड्यावरून नजर वर न्यावी तर रांगेच्या पश्चिम पायथ्याशी, सुमारे २०० किलोमीटर लांबीचा, कॉर्डिलेरा ब्लांकाचा विभंग आडवा येतो. विभंगाची प्रतल पश्चिमेकडे, म्हणजे खोऱ्याच्या बाजूला कललेली. तिच्या वरच्या अंगाचा खडक खाली घसरत जातो आणि खालच्या अंगाचा, म्हणजे पर्वताचा, वर येत जातो. गेल्या पन्नास लाख वर्षांच्या आसपास ही घसरण चालू आहे आणि तिची एकंदर बेरीज काही किलोमीटर भरते. वर्षाला सरासरी एक मिलिमीटर धरली तरी एवढ्या काळात जेवढे होईल तेवढे. ही घसरण संपलेली नाही, याचा पुरावा पाहण्यास दुर्बिणीची गरज नाही. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्यांनी दऱ्यांच्या मुखांशी हिमोढांचे लांबच लांब बांध रचले. विभंगाची रेषा जेथे या बांधांना छेदते तेथे बांध सरळ चालत न जाता एकदम पायरी उतरतो, आणि पायरीच्या वरचा व खालचा भाग एकाच बांधाचे तुकडे आहेत हे लहान मुलालाही कळावे इतके स्पष्ट दिसते. बांध काही हजार वर्षांचे. तेव्हा पायरी त्याहून अलीकडची. स्पॅनिश अमदानीच्या आरंभापासून मुख्य विभंग पृष्ठभागी फाटल्याची नोंद मात्र नाही, आणि ही नोंद नसणे दिलासा मानावा की उलट, यावर मतभेद असण्याचे कारण मला दिसत नाही. शेजारी काय घडू शकते हे १० नोव्हेंबर १९४६ च्या भूकंपाने दाखवून दिले. पांढऱ्या रांगेच्या ईशान्येस किचेस गावानजीक त्या दिवशी जमीन फाटून काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून अधिक उंचीचा कडा तयार झाला, आणि ती हालचालही ताणाचीच होती.

हा ताण आला कोठून? याचे एकमुखी उत्तर शास्त्रज्ञांपाशी नाही. पर्वत फार जाड आणि उंच झाला की स्वतःच्याच भाराने तो बाजूंना पसरू लागतो, असे एक पक्ष म्हणतो. खाली शिरणाऱ्या भूपट्टाच्या उतारात झालेल्या बदलामुळे वरचे कवच उचलले गेले व ताणले गेले, असे दुसरा म्हणतो. आडव्या सरकण्याच्या ओघात ही फट उघडली, असेही प्रतिपादन झालेले आहे. तिन्ही मतांचा परामर्श तिसऱ्या प्रकरणात घेतला आहे. माझा कल पहिल्याकडे आहे. पण कल म्हणजे निर्णय नव्हे.

आता त्या खडकाकडे येऊ, जो विभंगाने वर उचलून आणला. पांढऱ्या रांगेचा कणा ग्रॅनोडायोराइटाच्या, म्हणजे ग्रॅनाइटाच्या निकटच्या भाऊबंदाच्या, एका प्रचंड अंतर्वेशी राशीचा बनलेला आहे; भूविज्ञानात तिला बॅथोलिथ म्हणतात. यांगानुको दरीच्या दोन्ही अंगांना जे सरळसोट, राखी-पांढरे कडे उभे आहेत ते याचेच. खडकाचा तुकडा हाती घेतला तर काचेसारखी गार, दुधी फेल्स्पार, काळ्या अभ्रकाची पाने आणि मधूनमधून चंदेरी अभ्रकाची चमक, असा साधा ऐवज दिसतो. परंतु हाच तुकडा रांगेच्या मध्यभागातून न घेता पश्चिम काठावरून, विभंगाच्या जवळून घेतला तर अभ्रकाची सारी पाने एकाच दिशेने लोळवलेली, गारेचे कण ओढून लांब केलेले आणि खडकाला पत्र्यासारखे थर सुटलेले आढळतात. खडक तप्त आणि मऊ असतानाच विभंगाची घसरण चालू होती, याचा हा हातातला पुरावा होय.

वय ऐकले तर ग्रॅनाइटाची सवय असलेल्या माणसाला आश्चर्यच वाटेल. ग्रॅनाइट म्हटला की आपल्या मनात अब्जावधी वर्षांची, दक्षिण भारताच्या पठारावरची, झिजून गोल झालेली शिळा उभी राहते. पांढऱ्या रांगेचा ग्रॅनोडायोराइट सुमारे एक कोटी तीस लाख ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे मायोसीन आणि त्याच्या सरहद्दीवरचा आहे. एवढ्या अल्पावधीत शिलारस कित्येक किलोमीटर खोलीवर थिजावा, वर उचलला जावा, त्याच्यावरचे सर्व आच्छादन नद्यांनी व हिमनद्यांनी खरडून न्यावे, आणि उरलेल्याचे सहा हजार मीटरांचे सुळके व्हावेत, ही घाई पृथ्वीच्या एरवीच्या संथ व्यवहारात क्वचित आढळते.

खरडून नेलेले ते आच्छादन सर्वस्वी नाहीसे झालेले नाही. त्याचे अवशेष राशीच्या कडांना आणि काही शिखरांवर टोपीसारखे शिल्लक आहेत, आणि त्यांत प्रमुख चिकामा नावाचा शैलसमूह: जुरासिक काळाच्या अखेरीस समुद्राच्या तळाशी साचलेले काळे शेल आणि वालुकाश्म. तप्त ग्रॅनोडायोराइटाशी जेथे त्यांचा संपर्क आला तेथे शेल भाजून कठीण झाले आणि त्यांत अँडालुसाइटाचे स्फटिक उगवले. यांतील कायस्टोलाइट हा प्रकार आडवा कापला की पांढुरक्या चौकोनात काळा क्रूस दिसतो. स्फटिक वाढताना त्याने शेलातला कोळशाचा अंश बाजूला सारत नेला, त्याची ती खूण. चिकामाच्या वर क्रिटेशस काळाचे थर येतात. आधी चिमू शैलसमूहाचा क्वॉर्ट्झाइट, ज्यात अँथ्रासाइटाचे पट्टे आहेत, आणि मग चुनखडक, शेल यांची मालिका. हे सारे थर पुढे दाबाच्या कालखंडांत अशा काही घड्यांत मुडपले गेले की पूर्वेकडील उतारांवर कित्येक ठिकाणी ते उभे राहिलेले दिसतात. गुस्टाफ श्टाइनमान या जर्मन पंडिताने १९२९ साली पेरूच्या भूविज्ञानावरील आपल्या ग्रंथात या दाबाच्या पर्वांना पेरुव्हियन, इंकाइक आणि क्वेचुआ अशी नावे दिली. काळ आणि मोजणी यांत पुष्कळ फेरफार झाले, नावे मात्र अद्याप चालतात.

काळ्या रांगेपाशी मराठी वाचकाला थोडे घरच्यासारखे वाटण्याचा संभव आहे, आणि तेवढ्याच प्रमाणात फसगत होण्याचाही. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांची ज्याला सवय त्याला काळ्या रांगेवरचे कालिपुय ज्वालामुखी थर ओळखीचे भासतील. तेही बरेचसे आडवे, तेही शिलारसाचे. पण आपला काळा कातळ बेसाल्टचा आहे, भूकवचाच्या फटींतून पाझरलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि स्फोटाचा सोस फारसा नसलेला; कालिपुयचे थर प्रामुख्याने अँडेसाइटाचे, त्याहून अलीकडचे, आणि राख, स्फोटक खडकांचे तुकडे यांनी भरलेले आहेत. अँडेसाइट हे नावच लिओपोल्ड फोन बूख याने अँडीजवरून ठेवले. शिवाय आपल्याकडे आडव्या थरांच्या खाली काय आहे हे कोकण-देशावर बहुधा दिसत नाही. काळ्या रांगेत मात्र आडव्या ज्वालामुखी थरांखाली त्याच क्रिटेशस खडकांच्या घड्या छाटल्या गेलेल्या स्पष्ट दिसतात. आधी घड्या पडल्या, मग झीज झाली, मग त्या सपाटीवर राख आणि शिलारस पसरला, असे तीन अंक एकाच कड्यात वाचता येतात. आज मात्र या प्रदेशात एकही जागृत ज्वालामुखी नाही. दक्षिण पेरूत आहेत, इक्वेडोरमध्ये आहेत, मधला हा भलामोठा पट्टा शांत. कारण येथे खाली शिरलेला भूपट्ट तिरपा खोल न जाता खंडाखाली बराच काळ जवळजवळ आडवा सरकत राहतो, आणि शिलारस तयार होण्यास लागणारी तप्त जागाच मध्ये उरत नाही.

या मुलखाचा अभ्यास कोणी केला, याचा तपशील दुसऱ्या प्रकरणात आहे. येथे एका नावावाचून पुढे जाववत नाही. मिलान येथे जन्मलेला अंतोनियो राइमोंदी १८५० साली पेरूत आला आणि उरलेले आयुष्य त्या देशाची पायपीट करण्यात त्याने घालवले. आंकाश प्रांत आणि त्याची खनिज संपत्ती या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८७३ साली निघाला.  त्यातल्या नोंदींची नेकी अशी की, त्या ग्रंथाचा उपयोग अद्याप संपलेला नाही. पांढऱ्या रांगेच्या पूर्वेस असलेल्या चाविन येथील प्राचीन देवस्थानातून लिमाला नेलेली एक कोरीव ग्रॅनाइट शिळा आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या चाविनच्या महाद्वाराची निम्मी बाजू काळ्या चुनखडकाची आणि निम्मी पांढऱ्या ग्रॅनाइटाची आहे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांना आपल्या मुलखातील दोन खडकांतला भेद आमच्यापेक्षा कमी कळत नव्हता. १९४५ च्या जानेवारीत वरच्या सरोवरांतून आलेल्या लोंढ्याने त्या देवस्थानावरही चिखलाचा थर चढवला.

खनिजांविषयी थोडक्यात. शिलारस जेथे चुनखडकात घुसला तेथे दोहोंच्या देवघेवीतून स्कार्न नावाचा खडक आणि त्यासोबत तांबे, जस्त यांचे साठे तयार झाले; रांगेच्या पूर्वेकडील अंतामिना येथील अवाढव्य खाण अशाच साठ्यावर चालते. काळ्या रांगेत चांदीच्या खाणींचा इतिहास जुना आहे आणि वारासच्या समोर पिएरिना येथे सोन्याचीही खाण झाली. आकडे आणि नावे त्या त्या प्रकरणात सापडतील. माझ्या दृष्टीने अधिक विचारणीय खनिज निराळेच आहे, आणि त्याला बाजारात किंमत नाही. चिकामाच्या काळ्या शेलांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, विखुरलेले आहे. बर्फाच्या आच्छादनाखाली ते सुखरूप होते. हिमनद्या मागे हटू लागल्या तशी ती शेल उघडी पडली, हवा आणि पाणी यांनी पायराइटाचे आम्ल केले, आणि ओयेरोस गावाजवळची रिओ नेग्रो नदी गंजासारखी तांबडी होऊन वाहू लागली. दगड तांबडे, काठ तांबडा, पाणी जनावरांनाही पाजण्यास अयोग्य; आणि वरच्या बाजूस खाण म्हणून एकही नाही. शेतकऱ्यांनी लव्हाळी लावलेली पाणथळ कुंडे बांधून त्यांतून ते पाणी फिरवण्याचा उद्योग आरंभला आहे. खाणींनी पाणी नासवल्याच्या तक्रारी सर्वत्र असतात. डोंगराने स्वतःच ते नासवावे, आणि तेही जगाच्या तापमानात झालेल्या वाढीच्या निमित्ताने, हा प्रकार निराळा आहे आणि त्याची दाद कोणाकडे मागावी हे ठरवणे कठीण.

दाद मागण्याचा विषय निघालाच आहे तर पाल्काकोचा सरोवराची हकिगत सांगितली पाहिजे. हिमनदी मागे हटली की तिच्या पुढ्यातला हिमोढाचा बांध तसाच राहतो आणि त्याच्यामागे पाणी साचते. बांध सुट्या दगडामातीचा. सरोवरात वरून बर्फाचा वा खडकाचा कडा कोसळला, लाट बांधावरून गेली, की बांध वाहून जातो. १३ डिसेंबर १९४१ च्या सकाळी वारासच्या वर असलेल्या पाल्काकोचाचा बांध असाच फुटला आणि शहराचा सुमारे एकतृतीयांश भाग जमीनदोस्त झाला. १९५० मध्ये हांकारुरिश सरोवराने कान्योन देल पातोच्या वीजप्रकल्पाच्या कामांचा फडशा पाडला, तेव्हा पुढच्या वर्षी सरकारने सरोवरांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. बोगदे खोदून, कालवे काढून, बांध पक्के करून त्या मंडळाने आणि त्याच्या वारसांनी कित्येक सरोवरांची पातळी उतरवली. पेरूच्या अभियंत्यांच्या या कामगिरीची वाखाणणी जगात व्हावी तितकी झालेली नाही. तथापि हिमनदी हटतच राहिली. १९७० च्या दशकात पाच लाख घनमीटरांच्या घरात असलेले पाल्काकोचाचे पाणी २००९ मध्ये एक कोटी सत्तर लाख घनमीटरांवर गेले, आणि वक्रनलिका टाकून ते उपसण्याची वेळ आली.

२०१५ साली वारासच्या एका शेतकऱ्याने जर्मनीतील एका मोठ्या वीजकंपनीवर तेथल्याच न्यायालयात दावा लावला. कंपनीने जगाच्या हवेत जेवढा वायू सोडला त्या प्रमाणात, आपल्या घराला सरोवरापासून वाचवण्याच्या खर्चाचा वाटा तिने उचलावा, एवढीच त्याची मागणी होती. २०२२ मध्ये हाम येथील वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश स्थळपाहणीसाठी वारासला आले. अखेर वाद येऊन ठेपला तो भूविज्ञानावर. सरोवराच्या वरचा ग्रॅनोडायोराइटाचा कडा, त्याच्या भेगांमधले कायमचे गोठलेले पाणी वितळू लागले असता, येत्या तीस वर्षांत सुटून खाली येईल काय आणि त्या लाटेचे पाणी वादीच्या घरापर्यंत पोहोचेल काय? न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी संभव सुमारे एक टक्का धरला. वादीच्या बाजूच्या तज्ज्ञांनी, कड्याच्या अस्थिरतेला हिशेबात पुरेसे घेतलेले नाही, असा आक्षेप घेतला. २८ मे २०२५ रोजी दावा फेटाळला गेला, मात्र असा दावा तत्त्वतः चालू शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. कड्याच्या भेगांसंबंधी उभय पक्षांनी जे म्हणणे मांडले त्याचा गोषवारा, आणि भूविज्ञानाच्या दृष्टीने त्यांपैकी कोणते मला अधिक ग्राह्य वाटते याची चर्चा, अखेरच्या प्रकरणात केली आहे. ज्यांना एवढ्यातच रस असेल त्यांनी मधली प्रकरणे गाळली तरी हरकत नाही, केवळ विभंगाचे तिसरे प्रकरण तेवढे आधी वाचावे.